जिवावरचं शेपटीवर

पहिल्याच दिवशी बघेल सरांनी फळ्यावर
एक उलटा त्रिकोण काढला.
धोका मुळातून काढा. नाही जमलं, तर बदला.
नाही जमलं, तर झाका, अडवा, लांब ठेवा.
मग नियम, मग पाट्या,
आणि अगदी टोकाला, खडू मोडेल इतक्या बारीक जागेत,
हातमोजा.
"लोक इथून सुरू करतात," सर म्हणाले
आणि बोटं पँटला पुसली.

वहीत वर्षभर आकडेच.
नव्वद डेसिबल, आठ तास.
एका रविवारी मीटर घरी आणला,
बाबांच्या टीव्हीसमोर धरला. एकोणऐंशी.
बाबा सव्वीस वर्षं पीथमपूरला प्रेसवर होते.
"काय मोजतेस?"
आवाज, मी म्हटलं.
"हो, आज उकडतंय खरं," म्हणाले.

सोयाबीन निघालं तेव्हा आम्हाला सांवेरकडे नेलं.
बांधाला लागून थ्रेशर, ट्रॅक्टरला पट्टा,
नाकातोंडात भुसा.
मी टेप काढली.
पेंढी आत सारायची घसरण नव्वद सेंटिमीटर हवी,
त्यातली निम्मी झाकलेली.
इथलं झाकण गॅसने कापून काढलेलं.
कापलेली कड मात्र कानशीने घासून
गुळगुळीत केलेली,
हाताला लागू नये म्हणून.

का कापलं?
"माल अटकतो बेनजी. आणि भाडं तासावर."

मी कंपनीकडून बारा जोड हातमोजे मागून आणले होते,
पिवळे, कोरे, वासाचे.
सरांनी खोकं परत गाडीत ठेवायला लावलं.
"फिरत्या दात्यांना कापड फार आवडतं, शाल्मली.
मोजा आधी जातो.
मग मोज्यात जे असेल ते."
धापूबाई पेंढ्या देत होत्या. ऐकलं असावं.
काही न बोलता लुगड्याचा पदर
कमरेला दोन वेढे घेतला,
बांगड्या कोपराकडे सरकवल्या
आणि पुढची पेंढी उचलली.

माझ्या फॉर्मवर एक रकाना होता:
थोडक्यात चुकलेले प्रसंग.
सगळ्यांना विचारलं. "नी बेनजी, यां कंई नी हुयो."
निरंक, निरंक, निरंक.
हजेरीला भेरूलाल आले, शाईच्या डबीत
डावा अंगठा बुडवला.
उजवी बाही वर दुमडून
तिला सेफ्टी पिन लावलेली.
मी बघतेय हे त्यांनी बघितलं.
"डावो सरकार का वास्ते राखी लियो," म्हणाले.
सगळे हसले. मीपण हसले, नंतर पेन हरवलं,
ते हातातच होतं.

आई असती तर म्हणाली असती,
जिवावरचं शेपटीवर गेलं.
शेपटी कुणाची, हे म्हणीत येत नाही.

अहवालात मी त्रिकोण काढला
आणि सगळ्यात वर, रुंद जागेत लिहिलं:
थ्रेशरचं भाडं तासावर नको, पोत्यावर घ्या.
सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली.
चूक म्हणून की बरोबर म्हणून,
अजून विचारलेलं नाही.

काल संध्याकाळी रामबागेत
बाबा दूध घेऊन रस्ता ओलांडत होते.
मागून लोडिंग रिक्षा आली,
हॉर्न वाजवत, वाजवतच.
मी बाही धरून ओढलं. पिशवी फुटली.
बाबा रस्त्यावरच्या दुधाकडे बघत राहिले,
मग माझ्याकडे. "अगं, झालं काय?"

घरी येऊन कोरा फॉर्म काढला.
तारीख. वेळ, सात दहा.
ठिकाण.
थोडक्यात चुकलेला प्रसंग, क्रमांक एक.
नुकसान: अर्धा लिटर.
कारण या शब्दापुढे जागा फार कमी सोडतात.
मी समासात वळले, वर चढत गेले,
सव्वीस वर्षं लिहीत.